राबाचा धूर

आमच्या हिर्डोशीकडे भाताचं बी टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पाला आणि गवत पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. आग वाऱ्याच्या विरुद्ध जाईल अशी लावायची, म्हणजे ती सावकाश सरकते, माती नीट भाजते आणि तणाचं बी जळून जातं. पण लावणारा नेमका धुरात सापडतो. आमच्या घरात आग लावायचं काम माझं.

मला दमा आहे. डॉक्टरांनी दोन पंप दिलेत. एक रोज ओढायचा, दुसरा धाप लागली की. जरा बरं वाटलं की मी रोजचा बंद करायचे. चांगल्या माणसानं औषध कशाला घ्यावं? मग राबाच्या दिवसांत छाती शिट्ट्या मारायची आणि ओढ्यापर्यंत जाणंही जड व्हायचं.

यंदा सुनेनं काडेपेटी आधीच उचलली.

"आत्याबाई, तुमी त्या वरच्या बांधावर बसा. तिकडं धूर येत न्हाई."

"तुला जमंल का? आग पळाली तर माती कच्ची राहील."

"मग तिथनं शिव्या द्या. तेवढा दम हाय न्हवं?"

रोजचा पंप या खेपेला चुकवला नव्हता, तरी मी बसले. एका कोपऱ्यात आग पळालीच. ओरडायला दम होता, पण कंटाळा आला.

घरी चालत आले. वाटेत कुठं टेकावं लागलं नाही. त्या कोपऱ्यात आता तण माजेल. तण बसून उपटता येतं.