माझ्या चपलेची माती

दृष्ट, करणी, बाहेरची बाधा... असला शब्द घरात कुणी काढला की बाबा पेपर खाली ठेवून हसायचे. मीही हसायचे. इंग्रजी शाळेत वाढले. दृष्ट काढतात एवढं ऐकून होते, पण विसाव्या वर्षापर्यंत ती काढताना पाहिलीही नव्हती. आजही माझा विश्वास बसलाय असं म्हणणार नाही. जे झालं ते फक्त क्रमाने लिहिते.

साल एक्याऐंशी. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. नाशिकला द्वारकेच्या अलीकडे मुलांचं एक हॉस्पिटल होतं – नाव देत नाही, यात तिथल्या कुणाचा दोष नाही. दुपारी दोन ते पाच कॉलेजच्या काही मुली तिथे मदतीला जायच्या. मुलांना गोष्टी सांगायच्या, भरवायचं, ड्रेसिंगच्या कापडाच्या घड्या घालायच्या. "तिथे तरी तोंड उघडेल हिचं," म्हणून आईनेच माझं नाव दिलं. चपला वॉर्डाच्या दाराबाहेर काढायच्या, हा तिथला नियम. तो लक्षात ठेवा.

खिडकीजवळच्या कॉटवर यमी होती. पेठकडच्या पाड्यावरची, पाच वर्षांची. झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं, पाय प्लास्टरमध्ये. ती कुणाशीच बोलत नसे. म्हणूनच मला आवडली असावी. तीन आठवडे मी तिच्याजवळ बसले. जुन्या फ्रॉकची बाहुली शिवून नेली. तिने ती उशाखाली ठेवली, पण शब्द काढला नाही. मी म्हटलं, चालेल... आपण दोघी सारख्याच.

मग निर्मला आली. सिन्नरची, होस्टेलवर राहणारी, मोठ्या आवाजाची. आल्या आल्या यमीच्या कॉटवर टेकली.

"अगं बाई, किती गोड पोरगी ही. आणि एकाच पायात बूट होय गं?"

"बूट नाय," यमी म्हणाली. "चुना हाय." आणि हसली.

तीन आठवड्यांत मी तिचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

पुढचे आठ दिवस यमी निर्मलाची वेणी धरून बसायची. माझी बाहुली तिने निर्मलाला खेळायला दिली. मी समोर घड्या घालत होते आणि बघत होते. निर्मला वाईट मुलगी असती तर सोपं गेलं असतं. ती मला म्हणायची, "तू पण ये ना गं इकडे." एका दुपारी ते ऐकून माझ्या मनात अगदी स्पष्ट आलं – माझ्याकडे नाही, तर यमीने कुणाकडेच बघू नये.

दुसऱ्या दिवशी यमीला ताप होता. डोळे मिटलेले. निर्मलाने हाक मारली, यमीच्या आईने हलवलं... पापणी उचलली नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लास्टर कापून पाय पाहिला, इंजेक्शनं सुरू केली. ताप हटेना. तिसऱ्या दिवशी यमीच्या आईने निर्मलाला कॉटजवळ येऊ दिलं नाही. "लय गोड गोड म्हनत व्हती," एवढंच म्हणाली. निर्मला पडल्या चेहऱ्याने पलीकडच्या कॉटकडे गेली. आणि मला – हे लिहायला पाच वर्षं लागली – मला बरं वाटलं.

संध्याकाळी निघताना दारात यमीची आई वाकलेली दिसली. निर्मलाच्या चपलेची माती नखाने खरवडून मुठीत घेत होती. ज्याची दृष्ट लागली असेल त्याच्या पायाखालची माती लागते, हे मला तेव्हा कळलं. त्यात मीठ, मोहरी, तीन लाल मिरच्या. सिस्टर चहाला गेल्यावर तिने मूठ यमीवरून उतरवली आणि मागच्या आवारात जांभळीखाली, जिथे पेशंटच्या घरचे स्वयंपाक करायचे, त्या चुलीत टाकली. असा ठसका उठला की भाकऱ्या थापणाऱ्या बाया पदर नाकाला लावून पळाल्या.

"अख्खं आवार खोकलं गं बाय," एक म्हातारी म्हणाली. "तिची नाय. खरी लागलेली असती तर मिरची वासच नसती देत."

माझ्यामागोमाग आवारात आलेली निर्मला खोकता खोकता हसली. "सुटले बाई मी."

मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी ताप वाढला होता. डॉक्टर यमीच्या आईशी हळू आवाजात बोलत होते आणि ती नुसती मान हलवत होती. डॉक्टर गेल्यावर मी तिच्यापाशी गेले.

"माझ्या चपलेची घ्या."

"तुमची? तुम्ही तर कधी बोलत बी नाय."

"म्हणूनच घ्या."

तिने माझ्या चपलेची माती खरवडली, मूठ यमीवरून उतरवली. त्याच पुडीतलं मीठ, मोहरी, तीन मिरच्या. ऐन दुपार, चूल धगधगत होती. मी शेजारी उभी होते. मिरच्या निखाऱ्यावर फुगल्या, काळ्या झाल्या, फुटल्या. धूर सरळ माझ्या तोंडावर आला... आणि काही नाही. खोकला नाही, वास नाही. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली.

पाचच्या सुमाराला यमीने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन लागू पडलं, पडलंही असेल. पण त्या पुडीतल्या दोन मिरच्या मी मागून घेतल्या होत्या. घरी परसात शेगडीवर टाकल्या, तर बाबा पेपर टाकून अंगणात आले, खोकत.

यमी घरी निघाली त्या दिवशी तिच्या आईने तिला आधी निर्मलाच्या कडेवर दिलं, मग माझ्या. माझ्याकडे देताना हात मागे घेतला नाही. फक्त यमीच्या ज्या गालावर माझी नजर पडणार होती, त्या गालावर तिने रुपयाएवढी काजळाची तीट लावलेली होती.

याचा उलगडा मला झालेला नाही, कुणी करून देईल असंही वाटत नाही. मागच्या महिन्यात माझ्या बहिणीला मुलगी झाली. सगळे म्हणतात, बघ तरी, कोणावर गेलीय. मी आधी काजळाची डबी कुठे आहे ते विचारते.