ओल वाळेना तेव्हा

संघपालने टेंभुर्णीच्या शाळेत तीस वर्षं नोकरी केली, ती प्रयोगशाळेत. हुद्दा परिचराचा. चंचुपात्रं धुवायची, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या आणि तास संपला की फुटलेली काच झाडून काढायची. शिकवायचं काम मास्तरांचं. पण मास्तर येत आणि बदली होऊन जात, संघपाल तिथंच. त्यामुळे कोणता प्रयोग कुठं अडतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यातले काही प्रयोग त्याला फार आवडायचे. लोखंडी खिळा चुंबकाला चिकटवून तापवत राहायचं. खिळा लाल होतो, आणखी लाल होतो, तरी सुटत नाही. आणि मग एकाएकी टपकन पडतो. हायपो नावाचा क्षार वितळवून हळूच थंड केला, तर तो पाण्यासारखा पातळच राहतो. त्यात त्याचाच एक खडा टाकला की बघता बघता सगळं गोठून दगड होतं. पोरं टाळ्या वाजवायची. संघपालही पोरांच्या मागं उभा राहून बघायचा, दरवेळी पहिल्यांदा बघितल्यासारखा.

शाळेत मीना मॅडम होत्या, त्यांनी एकदा त्याला ब्युरेटजवळ बोलावलं. खाली चंबूत आम्ल, वरून थेंब थेंब अल्कली. थेंब पडला की गुलाबी रंग उमटायचा आणि लगेच विरायचा.

"मामा, रंगाकडं नका बघू," मॅडम म्हणाल्या. "तो जायला किती वेळ लावतो ते बघा."

संघपालने बघितलं. सुरुवातीला रंग क्षणात जात होता. मग जरा रेंगाळला. मग चंबू हलवावा लागला. शेवटी एक थेंब पडला आणि गुलाबी कायमचा राहिला.

"जवळ आलं की सावरायला वेळ लागतो," मॅडम म्हणाल्या. "माणसाच्या तब्येतीचं असंच, जंगलाचं असंच. आणि एकदा पलीकडं गेलं की एक थेंब काढून मागं येता येत न्हाई."

निवृत्तीनंतर संघपाल आपल्या वाडीत राहायला आला. टेंभुर्णीपासून तीन-चार किलोमीटरवर, ओढ्याकाठी बावीस घरांची वस्ती. वस्तीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव, मातीच्या बांधाचा. संघपाल रोज सकाळी बांधावर फिरायला जायचा. बांधाच्या पायथ्याशी एक ओली जागा होती, कायमचीच. पाऊस झाला की ओल पसरायची, उघडीप मिळाली की आक्रसायची.

चार वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ती ओल पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत मागं गेली. जुलैच्या सुरुवातीला चार दिवस लागले. जुलैच्या अखेरीला आठ. तलाव तेवढाच भरलेला, पाऊसही तेवढाच. संघपालने ओलीच्या कडेला तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, रोवल्या आणि रोज उकिडवा बसून बघू लागला.

"रिटायर झाले न् चिखल बघत बसून राह्यले," त्याची बायको केशरबाई म्हणायची. "लोक काय म्हणत्याल?"

लोक हसतच होते. सरपंच धर्मराज मात्र हसला नाही; तो संघपालच्या हातून परीक्षानळी घेऊन शिकलेला. त्याने जलसंधारण खात्याकडं अर्ज केला, पाहणीला एक साहेब आले. ओलीतून झिरपणारं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. नितळ होतं. "पाझर तलाव आहे, पाझरणारच," म्हणाले आणि गेले. त्यांचंही चुकीचं नव्हतं. दिसत काहीच नव्हतं. आठ दिवसांची गोष्ट ओंजळीत दिसायची कशी? संघपालला ती सांगता आली नाही. साहेबापुढं त्याची जीभच वळेना, तीस वर्षं मास्तरांच्या मागं उभं राहायची सवय.

सप्टेंबरमध्ये सलग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी संघपाल बांधाखाली गेला तर तुऱ्हाट्या पाण्यात होत्या आणि पाणी चहासारखं गढूळ. मधोमध बारीक रेतीचा उंचवटा तयार झालेला, त्यातून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. बांध आतून माती सोडत होता.

संघपाल धावतच धर्मराजकडं गेला. धर्मराजने येऊन बघितलं, त्याचा चेहरा उतरला. सांडवा खोल करून पाणी सोडायला जेसीबी बोलावला. तो यायला दुपार उलटणार होती. तोवर वस्ती रिकामी करायची, वरच्या माळावर वाडीची प्राथमिक शाळा होती, तिथं जायचं.

वस्ती हलेना. संघपाल दारोदार फिरला. राधेश्याम म्हणाला, "चार घरं निघू द्या, मंग आम्हीबी निघतो." शेजारचा अप्पाराव म्हणाला, "राधेश्याम निघाला तर बघू." पलीकडच्या घरी म्हणाले, निम्मी वस्ती गेली की जाऊ. जो तो दुसऱ्याकडं बघून थांबलेला. संघपालच्या ध्यानात आलं, एकेकाला समजावून उपयोग नाही. आधी कुणी तरी निघायला पाहिजे, आणि ते माणूस असं पाहिजे की त्याच्याकडं सगळे बघतात.

तो चांगुणाबाईकडं गेला. पंच्याहत्तरीची एकटी म्हातारी. वस्तीतली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मलेली.

"खरं सांग संघपाल, फुटंल का बांध?"

"फुटंलच असं न्हाई म्हणत, मावशे. पण तो आता आपलं आपण सावरणार न्हाई, एवढं नक्की."

चूल अजून पेटलेली होती, तव्यावर भाकरी होती. तिने भाकरी उलटली, भाजू दिली, फडक्यात बांधली आणि चुलीवर पाणी ओतलं. मग शेळीचं दावं हातात घेऊन गल्लीच्या मधोमध चालू लागली. मागं केशरबाई, डोक्यावर म्हातारीच्या गोधड्या. सकाळपर्यंत नवऱ्याला बोलणारी केशरबाई आता म्हातारीच्या पावलाला पाऊल लावून चालली होती.

"चांगुणामावशी निघाली," कुणी तरी म्हणालं. राधेश्यामची बायको लेकरू काखेला मारून निघाली, मग राधेश्याम. तीन घरं, पाच घरं आणि त्यानंतर मोजायला फुरसतच मिळाली नाही. सकाळपासून जागची न हललेली वस्ती अर्ध्या तासात माळावर होती.

जेसीबी आला, त्याने सांडवा खोदायला घेतला. पण चारच्या सुमाराला बांध मधोमध खचला. आधी हातभर खाच दिसली. कुणी बोट दाखवेपर्यंत ती बैलगाडी जाईल एवढी झाली. पाणी वस्तीत शिरलं. अकरा घरांच्या भिंती पडल्या, चांगुणाबाईचं घर तर जोत्यासकट गेलं. अप्पारावचं बांधलेलं वासरू तेवढं दगावलं. माणूस एकही गेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बांध पुन्हा उभा राहिला, पाझर वाहून न्यायला आतून दगड भरलेला चर काढून, पहिल्यापेक्षा भक्कम. लोकांना वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. तलाव पहिल्याच पावसाळ्यात भरला. पण खालच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवू लागल्या. एका दुपारी गेलेलं पाणी जमिनीत पुन्हा मुरायला तीन पावसाळे लागले.

संघपालला सलत राहिलं ते वेगळंच. धर्मराज त्याच्या सत्काराचं बोलू लागला तेव्हा तो म्हणाला, "जुलैत मला कळलं होतं, धर्मराज. साहेबापुढं मी बोललो न्हाई. वासरू माझ्यामुळं गेलं. मावशीचं घरबी."

चांगुणाबाई ओट्यावर बसून ऐकत होती. घर गेल्यापासून ती संघपालकडंच राहत होती.

"जुलैत तू बोंबलला असता तरी मी उठले नसते," ती म्हणाली. "त्या दिशी तुझं तोंड बघितलं म्हणून उठले. आता हे उगाळणं बस कर न् माझ्या शेळीला पाला आण जल्दी, सकाळपासून वरडून राह्यली."

सत्काराला संघपालने नाहीच म्हटलं. मात्र बांधाची देखरेख ठरवायला गावाने बैठक बोलावली, तेव्हा तो पहिल्यांदाच मागं न बसता पुढं जाऊन उभा राहिला आणि घसा खाकरून बोलू लागला.