बिननावाचा हंडा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आणि मी न सांगितलेली गोष्ट असणं हेच नवल, कारण आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं आहे. कुणाच्या लग्नात मांडवात म्हैस शिरली, कोणत्या काकानं चुकून नवरदेवाचेच बूट घालून मुक्कामाची बस धरली, सगळं मीच सांगतो. मीठमसाला लावून सांगतो. लोक पंगत लांबवून ऐकतात. ही एकच तेवढी पाच वर्षं पोटात राहिली. बायकोलाही ठाऊक नाही, जिच्यापासून मी फक्त साखरेचा चहा लपवतो असा तिचा समज आहे.

तर — सुरुवात कुठून करू? रागापासून करतो. राग मला सोपा जातो.

मला या फोनचा संताप येतो. सकाळी डोळे उघडावेत तर दोनशे निरोप येऊन बसलेले. गुलाबाचं फूल, खाली सुविचार. हळदीनं गुडघे बरे होतात. हळदीनं गुडघे जातात. दोन्ही एकाच साडूनं पाठवलेलं, एकाच दिवशी. एक हरवलेलं पोरगं आहे, ते हरवलं त्याच आठवड्यात सापडलं, आता दहावीला बसलंय, पण आमच्या ग्रुपवर अजून हरवूनच राहिलंय. सोयाबीनचे भाव, कुणाच्या वासराचा वाढदिवस, जगबुडीची तारीख. आणि या सगळ्या पसाऱ्याखाली, हरभऱ्याच्या पोत्यात अंगठी पडावी तसा, एखादा खरा निरोप. माणसानं तो शोधावा कसा? त्याला धंदा आहे, डोळे दोनच आहेत. हे कुणी ठरवलं की प्रत्येकानं प्रत्येकाला सगळं कळवायचं?

बघा, किती छान बोलतो मी यावर. या बोलण्याचे मला हार मिळालेत. तेही सांगायचं आहे.

अहमदपूरला माझं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत आहेराची भांडी जातात आणि त्यांच्यावर मशीननं नाव घालून द्यावं लागतं — अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट. स्टीलवर एकदा सुई फिरली की परत पुसता येत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला तीनदा नाव विचारतो, कागदावर लिहून घेतो, मोठ्यानं वाचून दाखवतो. तीस वर्षांत माझ्या हातून एक काना चुकलेला नाही. भांड्यावर.

त्या दिवशी दुपारी दुकानात दोन लग्नांची गर्दी होती. एक बाई ताटांवर नाव घालून घ्यायला उभी होती आणि जावेच्या ताटांपेक्षा आपल्या ताटांवरचं नाव मोठं दिसलं पाहिजे, असं तिसऱ्यांदा सांगत होती. मधेच मी फोन उघडला. 'आपला परिवार' या आमच्या भावकीच्या ग्रुपवर सव्वाशे निरोप साचले होते. अंगठ्यानं सरकवत सरकवत शेवटाला आलो, तर महानंदाआत्याचा फोटो. हिरवं लुगडं, हात जोडलेले. खाली तिच्या लेकानं, बसवराजनं लिहिलेलं : 'अत्यंत जड अंतःकरणाने कळवावे लागत आहे की आमच्या मातोश्री श्रीमती महानंदाबाई यांचे' — आणि पुढं तीन टिंबं. खाली 'आणखी वाचा.'

मी आणखी वाचलं नाही.

का वाचलं नसेल? ती बाई घाई करत होती म्हणून? फोटोत हात जोडलेले होते म्हणून? बसवराजला साधं मराठी लिहिता येत नाही म्हणून — या एका गोष्टीचा राग तर मला आजही आहे. 'आईला रक्त पाहिजे' एवढं लिहायला जड अंतःकरण कशाला लागतं? पण त्यानं जड अंतःकरणानं जे लिहिलं होतं ते पुढच्याच ओळीत होतं. मातोश्रींचे खुब्याचे हाड मोडले आहे, नांदेडला दवाखान्यात आहेत, उद्या सकाळी ऑपरेशन, बी निगेटिव्ह रक्त तातडीने हवे. एका बोटाच्या अंतरावर.

मी लिहिलं — 'भावपूर्ण श्रद्धांजली.' पुढं हात जोडल्याची तीन चित्रं. ग्रुपवर सगळ्यांत आधी मीच. खरं सांगू? आधी लिहिल्याचं थोडं बरंही वाटलं. मग फोन गल्ल्याशेजारी ठेवला आणि त्या बाईला मोठ्यानं नाव वाचून दाखवलं. तीनदा.

तासाभरानं बसवराजचा फोन आला. आवाज फाटलेला. "अण्णा, आई जित्ती हाय माझी. हे कोण मारून राहिलंय तिला ग्रुपवर?"

मी ग्रुप उघडला. माझ्याखाली सत्तावीस श्रद्धांजल्या. एकानंही उघडून वाचलं नव्हतं. लोह्याचा एक पाहुणा, नेमका बी निगेटिव्ह, रक्त द्यायला मोटारसायकल काढून निघाला होता. वाटेत चहाला थांबला, फोन बघितला, आणि आता जाऊन काय उपयोग म्हणून परत फिरला. लातूरहून अकरा जण जीप करून मातीला निघाले आणि दवाखान्याच्या पायऱ्यांपासून गळा काढत वर आले. आत्या खाटेवर पडल्या पडल्या बिस्कीट खात होती. तिनं विचारलं म्हणे, "कोण गेलं गं?"

हसू येतंय ना? मीही ही गोष्ट, माझं नाव वगळून, इथपर्यंत पुष्कळदा सांगितलीय. लोक लोळतात. पण अकरा माणसं मातीला आली आणि रक्ताला एक आलं नाही, हे सांगताना मी नेहमी घाई करतो. ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं. आत्या वाचली, पण वॉकर घेऊनच चालते. डॉक्टर म्हणाले, उशिरामुळंच असं झालं हे ठामपणानं सांगता येणार नाही. ते वाक्य मी पाच वर्षं जपून ठेवलंय. दुसरं कुणाचंच बोलणं इतकं नीट पाठ नाही.

बसवराजचा फोन ठेवल्या ठेवल्या मी काय केलं? माझ्या श्रद्धांजलीवर बोट दाबून धरलं. 'सर्वांसाठी पुसा.' गेली. आता यादीत पहिलं नाव उरलं मन्मथचं.

मन्मथ माझा चुलत भाऊ. मुखेडला त्याचं विहिरीवरच्या मोटारी भरायचं दुकान आहे. दिवसभर तांब्याची तार गुंडाळतो. वाचण्यात कच्चा, पण मोटार जळली की अर्ध्या तालुक्याची माणसं त्याच्याच दारात. तो मला अण्णा म्हणतो आणि मी जे म्हणतो ते त्याला पटतं, ही त्याची एवढीच चूक.

संध्याकाळपर्यंत ग्रुप पेटला. कुणी सुरू केलं हे? मन्मथनं. जिवंत बाईला मारलं. मग एकानं विचारलं, अण्णा, तुमचा एक निरोप पुसलेला दिसतोय, काय होता? म्हणजे तोही यांनी वाचला नव्हता. माझा हात एकदाही अडखळला नाही. लिहिलं : 'कोणता दवाखाना ते विचारलं होतं. मग खाली वाचलं, पत्ता दिलेलाच आहे. म्हणून पुसलं.'

म्हणजे बघा — सगळ्या भावकीत निरोप पूर्ण वाचणारा एकटा मीच ठरलो.

दुसऱ्या दिवशी मन्मथचा फोन आला. रागानं नाही. हळूच म्हणाला, "अण्णा, तुमचं दिसलं म्हून म्या टाकलं. म्हटलं, अण्णानं टाकलं म्हंजे वाचूनच टाकलं असंल." तो थांबला होता. पलीकडं मोटारीची तार गुंडाळायचं यंत्रही बंद होतं, एवढं मला ऐकू येत होतं. मी म्हणालो, "गिऱ्हाईक आलंय रे, मग बोलतो." दुकान रिकामं होतं.

त्याबद्दल तो मग कधी बोलला नाही. मला नाही, दुसऱ्या कुणालाही नाही.

आणि माझी चढती कमान सुरू झाली. ग्रुपला शिस्त लावा म्हणून सगळ्यांनी मलाच अॅडमिन केलं. मी नियम केले. सुप्रभात बंद. आलेलं पुढं ढकलणं बंद. आजारपण आणि मयत फोन करूनच कळवायची, लिहून नाही. सगळ्या ग्रुपांचे आवाज बंद, दिवसातून दोनदाच बघायचं, आणि जे बघायचं ते शेवटच्या ओळीपर्यंत. गावातल्या एका शाळेनं मला 'माहितीचा महापूर' या विषयावर बोलायला बोलावलं. शाल, श्रीफळ. मी पोरांना सांगितलं, आधी वाचा, मग बोटं चालवा. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तसंच वागतो आता, आणि त्यानं डोकं खरंच शांत राहतं. याचाच तर मला राग येतो. खोटारड्याच्या तोंडी निदान खोटी शिकवण तरी असावी की नाही?

मी अॅडमिन झालो त्याच आठवड्यात लोक म्हणाले, मन्मथला काढा ग्रुपमधून. अॅडमिन मी. काढला. ज्या अंगठ्यानं पुसलं होतं त्याच अंगठ्यानं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं — श्रद्धांजली मन्मथ. त्याच्या पोरीला शाळेत चिडवलं त्यावरून. चिडवणाऱ्या घरांचा मला इतका संताप आला की काय सांगू. त्या सत्तावीस जणांत त्यांचीच माणसं होती की, वर तोंड करून कुणाला हसता? हे मी मनात बोललो. सगळं मनातच.

गेल्या उन्हाळ्यात बसवराजच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका सगळ्या भावकीला गेली. मन्मथला नाही. चार दिवस आधी तो मुखेडहून बसनं आला, दुकानात उभा राहिला. केस पांढरे झालेले, नखांत वार्निश. तांब्याचा मोठा हंडा निवडला, बोटानं ठोकून आवाज ऐकला — तांबं त्याला कळतं. "आत्याच्या नातीला द्यायचाय. तुम्ही जाणारच हाव, तर नेताल का?"

मी सवयीनं मशीन ओढलं आणि विचारलं, "नाव काय घालू?"

"नाव नका घालू, अण्णा. नाव दिसलं की वापस येईल."

माझ्याकडं बघूनच म्हणाला. डोळ्यांत टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

लग्नात मी हंडा नेला. मांडवात कुणीतरी विचारलं, श्रद्धांजली मन्मथ दिसत नाही तो? दुसरा म्हणाला, "बरं झालं न्हाई आला. नवरदेवालाच वाहून मोकळा झाला असता." सगळे हसले. मीही हसलो. जरा मोठ्यानंच.

आहेर मांडला तेव्हा आत्या वॉकर सरकवत आली, हंड्यावरून हात फिरवला, आणि चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या अण्णाचं देणं बघा बाई. नाव घालायचं मशीन घरचं, तरी नाव न्हाई घातलं."

माझा खरा आहेर पाकिटात होता, तो आधीच दिला होता. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं — हा माझा नाही. तेव्हा फोन खिशात बंद होता. एकही निरोप येत नव्हता, कुणी गिऱ्हाईक घाई करत नव्हतं, समोर फक्त आत्या उभी होती.

मी मान खाली घातली. ती माझी नम्रता समजली.

पहिली श्रद्धांजली माझी होती. हंडा मन्मथचा आहे.