झोपलेल्या मुलांची मापं

सोमवारी तो पुन्हा गाडीवर जाणार आहे, आणि गाडी चालवताना त्याला झोप लागते. हे त्याला माहीत आहे आणि मला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. अंथरुणावर पडले की हीच गोष्ट डोक्यात घोळत राहते. कूस बदलली तरी ती बाजूला होत नाही.

माझा मुलगा ट्रक ड्रायव्हर. चाळिशीला टेकलाय. अंगानं दांडगा, मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते देवालाच ठाऊक, आणि मिशी अशी की लहान मुलं आधी तिच्याकडे बघतात आणि मग भोकाड पसरतात. पुस्तकांचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा. मिसरूड फुटायच्या आत क्लीनर म्हणून गाडीवर चढला, तो चढलाच. सून नर्स आहे, कायमची रात्रपाळी. तो रात्री रस्त्यावर, ती रात्री वॉर्डात. त्यांचा संसार म्हणजे दाराच्या किल्लीची देवाणघेवाण. त्यातूनही दोन मुली झाल्या, थोरली पहिलीत जाते आणि धाकटी अजून पाळणाघरात असते.

मागच्या थंडीत पहाटेच्या वेळी त्याची गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि खडीच्या ढिगात जाऊन रुतली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मालकाला त्यानं सांगितलं, कुत्रं आडवं आलं. बायकोला सांगितलं, गुडघा गेला, क्लच दाबवत नाही. माझ्याकडे मात्र थेट स्वयंपाकघरात आला, बूट न काढता खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आई, डोळे उघडे होते गं माझे. उघड्या डोळ्यांनी झोपलो होतो." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "तिला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ."

तेव्हापासून तो घरी. गुडघ्याला पट्टा बांधून बसायचा, बिचाऱ्या धडधाकट गुडघ्याला. सून कामावरून यायची, हा मुलींना तयार करून सोडायचा, आणि मग दोघं एकमेकांसमोर नुसते बसायचे. मी दुपारी बस पकडून जायचे. घरात गेल्या गेल्या कळायचं, आज बोलाचाली झालीय की अबोला आहे.

शिवणाला सुरुवात झाली ती धाकटीच्या फ्रॉकची बाही फाटली म्हणून. सुनेचं मशीन कोपऱ्यात पडून होतं, त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असायचा. पण यानं मशीनला हात लावला नाही. गाडीवर ताडपत्री फाटली की ती शिवायचं दाभण असतं ना, ते आणलं आणि मेणाच्या जाड दोऱ्यानं बाही जोडून टाकली. तळमजल्यावर जिन्याखाली शिवणवाल्या काकूंचं दुकान आहे. त्यांनी जाता जाता धाकटीला थांबवलं आणि बाही बोटानं ओढून बघितली.

"ही कुणी शिवली गं?"

"बाबांनी."

काकूंनी जिन्यात तोंड वर करून हाक मारली, "ओ ड्रायव्हरसाहेब! लेक आहे ही, बटाट्याची पोती नव्हे. खाली या, सुई कशी धरतात ते दाखवते."

आणि तो खरंच खाली गेला. घरात बसून बसून कंटाळला होता, एवढंच. काकूंनी आधी जुन्या चादरींवर सरळ शिलाई मारायला लावली. पायाला ॲक्सिलरेटरची सवय, त्यामुळे मशीन सुसाट सुटायचं. काकू ओरडायच्या, "हळू! पुढे घाट आहे!" दुकानातल्या बायका हसायच्या आणि हाही हसायचा. कित्येक दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं.

मग पट्ट्यांचे उन्हाळी फ्रॉक आले. नवशिक्याला तेवढंच जमतं असं काकूंचं मत. बाह्या नाहीत, कॉलर नाही, काज-बटण नाही. वर छातीचा एक तुकडा, खाली चुण्यांचा घेर, खांद्यावर दोन रुंद पट्ट्या. पहिला फ्रॉक थोरलीचा. त्याचा घेर एका बाजूला उतरला होता, तरी ती तो घालून शाळेची बस येईपर्यंत फाटकाशी उभी राहिली. दुसरा बरा झाला. तिसऱ्याला काकू "हं" म्हणाल्या. त्यांचं "हं" म्हणजे शाबासकीच.

धाकटीच्या पाळणाघरवाल्या बाईंनी तो तिसरा फ्रॉक बघितला आणि म्हणाल्या, आमच्या सगळ्या मुलींना एकाच कापडाचे करून द्या. बाहेर नेलं की गर्दीत चटकन ओळखू येतील. पिवळ्यावर पांढरे ठिपके असलेलं कापड त्यांनीच आणून दिलं. त्या संध्याकाळी यानं मला फोन केला. "आई, मला काम मिळालंय," म्हणाला. एवढा बाप्या माणूस, इतकी वर्षं कमावणारा, आणि आवाज पहिला नंबर आल्यासारखा.

मापं घ्यायला तो पाळणाघरात गेला. मुलींनी मिशी बघितली आणि एकीनं सूर लावला, मग सगळ्यांनी. बाई म्हणाल्या, दुपारी या, झोपल्या की घ्या. तो दुपारी गेला. सतरंजीवर ओळीनं झोपलेल्या पोरी, आणि हा त्यांच्यामधून गुडघ्यांवर सरकत टेप लावतोय. त्याला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. स्वतःच्या मुलीही त्यानं जास्त करून झोपलेल्याच पाहिल्या होत्या. बाई काहीतरी आणायला आत गेल्या आणि परत येऊन बघतात तर हा भिंतीला टेकून, हातात टेप, मान छातीवर, गाढ झोपलेला! पुढे पोरी उठल्या, त्यांनी कलकलाट केला, एकीनं त्याच्या मिशीला हात लावून बघितला, तरी जागा झाला नाही.

बाईंनी ही गोष्ट सुनेला रंगवून सांगितली, सुनेनं मला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, तुमचा मुलगा पाळणाघरात नाव घालायच्या लायकीचा आहे हो!"

मी हसल्यासारखं केलं. मला वेगळंच आठवत होतं. दुपारी मी तिथे असते तेव्हा तो कधी आडवा होतो. घोरतो, आणि घोरता घोरता मध्येच थांबतो. श्वाससुद्धा थांबतो. मी हातातलं काम टाकून ऐकत राहते. मग बुडालेला माणूस वर यावा तसा आवाज करून पुन्हा सुरू होतो. त्याच्या बायकोला हे कसं कळणार? दोघं एका वेळी झोपतात कधी? मी त्याला म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, "डॉक्टर काय देणार? कागद देणार. तो कागद मालकानं बघितला की लायसन्स गेलं. आई, मला दुसरं काय येतं?"

मी म्हटलं, "फ्रॉक येतात."

तेव्हा येत होते. पिवळे फ्रॉक शिवून झाले, त्यानं स्वतः इस्त्री केली, घड्या घातल्या आणि पाळणाघरात पोचवले. दुसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे परत आले. एकही फ्रॉक एकाही मुलीच्या अंगात जात नव्हता. डोकं अडकायचं, आणि डोकं गेलंच तर हात बाहेर यायचा नाही. दोघी घाबरून रडल्या. एकीच्या आईनं म्हणे कात्री मागितली.

काकूंनी एक फ्रॉक मशीनवर पसरला, टेप लावला आणि याच्याकडे बघितलं.

"मापं कशी घेतलीत?"

"झोपलेल्या होत्या तेव्हा."

"अहो, झोपलेलं पोर हात वर करत नाही, पोटभर श्वास घेत नाही, उड्या मारत नाही. तुम्ही बरोबर तेवढंच बेतलंत. वरून घालायचा फ्रॉक, ना मागे उघडा, ना इलॅस्टिक. हा घालायचा कसा, वितळवून ओतायचा?"

स्वतःच्या मुलींचे फ्रॉक त्यांच्या जुन्या कपड्यांवरून बेतले होते, म्हणून ते बसले. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. काकूंच्याही आलं नव्हतं, पण त्या ते कबूल करणार नाहीत. पुढे जरा नरमून म्हणाल्या, "काही वाया गेलं नाही. खांदा उसवा, पट्ट्यांच्या जागी बांधायच्या नाड्या लावा. बगलेत जादा कापडाची कळी घाला, मागे थोडं इलॅस्टिक. पाच-सहा दिवसांचं काम."

तो हो म्हणाला. फ्रॉकची पिशवी उचलून वर आला. मी तिथेच होते. खुर्चीत बसून त्यानं पहिला फ्रॉक उसवायला घेतला. त्या बोटांमध्ये तो पिवळा कपडा रुमालाएवढा दिसत होता. त्याची शिलाई सुटता सुटेना. ताडपत्रीचा हात, टाके पक्के. अर्धी बाजू उसवून झाली असेल तेवढ्यात मालकाचा फोन आला. रात्रीच्या फेरीचा एक माणूस सोडून गेला होता. गुडघा कसा आहे, सोमवारपासून येतोस का?

त्यानं हातातल्या फ्रॉककडे बघितलं. "बराय गुडघा," म्हणाला. "येतो."

मी काही बोलायच्या आत सून आतून बाहेर आली. तिनं ऐकलं होतं. तिनं पगार, फेऱ्या, काही विचारलं नाही. नुसती माझ्याशेजारी येऊन बसली, केस मोकळे सोडले आणि म्हणाली, "आई, ह्या महिन्यात ह्यांचं नीट चालू झालं ना, की मी दिवसपाळी मागून घेते. पाय सुजतात हो आता." मी तिच्या पायांकडे बघितलं. खरंच सुजले होते, मोज्यांचे वळ उठले होते. त्या क्षणी शपथेपेक्षा तिचे पाय मला जास्त अवघड गेले. काय सांगणार होते मी तिला? तू आणखी काही वर्षं अशीच उभी राहा म्हणून?

निघताना जिन्यात त्याला गाठलं. "डॉक्टरला न दाखवता जाऊ नकोस."

"तंबाखूची गोळी धरीन दाढेत. खिडकी उघडी ठेवीन. सगळे तेच करतात, आई."

"आणि त्या खडीच्या ढिगाच्या जागी माणूस असला तर?"

 तो माझ्या हातातली पिशवी घेऊन मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. वाटेत एवढंच म्हणाला, "शपथ आहे तुला माझी." बस आली तेव्हा लहानपणी करायचा तसा हात हलवला.

मालकाला कळवलं तर तो याला कायमचा घरी बसवेल, आणि माझा मुलगा पुन्हा माझ्या दारात उभा राहणार नाही. पाळणाघरवाल्या बाईंना ही गंमत वाटली. काकूंना यातलं काही माहीत नाही. उरली एकच. रात्रभर परक्या माणसांचे श्वास मोजत जी वॉर्डात फिरते, तिला घोरण्याबद्दल एक वाक्य सांगितलं तर पुढचं मला सांगावं लागणार नाही. कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, काय तपासायचं, ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळेल. लायसन्स राहील की जाईल ते मला माहीत नाही. तिची दिवसपाळी बहुतेक जाईल. ती मला विचारेल, इतके दिवस गप्प का बसलात. तो बोलेनासा होईल. होऊ दे. अबोला धरायला तरी तो असेल.

शपथ त्याच्या गळ्याची होती, आणि गळा शाबूत राहावा म्हणूनच मी ती मोडतेय. देव काय समजायचं ते समजो.

औषधं देऊन झाली की तिला थोडा वेळ बसायला मिळतं, तेव्हा ती चहा घेते. आता तीच वेळ असेल. सकाळपर्यंत थांबले तर उजेडात मला पुन्हा तिचे पाय आठवतील. आत्ताच फोन लावते.