दुसऱ्या तुकड्यावर जोर

संपात बाबांची गिरणी गेली आणि घर माझ्यावर आलं. अंधेरीच्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर हवी होती. मी मराठी शाळेतली. इंग्रजी यायचं, पण प्रत्येक अक्षर सारखंच ठोकायचे. पार्ल्याच्या एका निवृत्त बाईंनी शिकवायचं कबूल केलं. म्हणाल्या, "अगं, लांब शब्द आधी तोड. मग जोर कुठल्या तुकड्यावर ते बघ. बाकीचे घरंगळू देत."

घाटकोपरच्या आमच्या खोलीत मी पेन्सिलीनं उभ्या रेघा मारत बसायचे. इन-फर-मे-शन, जोर 'मे'वर. समोर खाटेवर बाबा. गिरणीच्या साचाखात्यातल्या मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान कधीच गेले होते. तिथे सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचे, सवय घरीही राहिली. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण जोर ते ओठांवरून पकडायचे. माझा हुकला की म्हणायचे, "परत म्हण गो. काय हललां नाय." मी वैतागायचे. पण बरोबर तेच असायचे.

मग त्यांचं पोट दुखायला लागलं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. मी इंग्रजीत विचारलं म्हणून डॉक्टरही इंग्रजीत बोलले. इनऑपरेबल. मी मनात शब्द तोडला. इन-ऑ-प-र-बल, जोर दुसऱ्यावर. आता ऑपरेशनही होणार नाही, हे त्यानंतर कळलं. सांगायला लाज वाटते, पण मला काहीच वाटलं नाही. रडूही आलं नाही.

डॉक्टर गेले. खाटेपाशी बसलेली आई म्हणाली, "काय म्हणाले गं?"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. पाठ फिरवून आईला सांगता आलं असतं, पण पाठ फिरवली असती तर तेवढ्यानंच त्यांना कळलं असतं. म्हणून त्यांच्याकडे तोंड करून मी सावकाश म्हटलं, "गोळ्यांनी बरं होईल म्हणाले."

माझं वाक्य संपेपर्यंत त्यांनी ओठांकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले.

पुढच्या आठवड्यात मला नोकरी लागली. सांगायला तडक दवाखान्यात गेले. मला दारात बघून त्यांनी डोळे मिटले. झोप येत असेल म्हणून मी स्टुलावर तासभर बसले. ते झोपले नव्हते. चादरीखाली पाय हलत होता.

"बाबा, नोकरी लागली," मी म्हटलं. त्यांचे डोळे मिटलेलेच. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "छान झालं हो पोरी."