पन्नास मीटरांचा खर्च

नेमबाजी म्हटलं की लोकांना वाटतं, एक डोळा मिटायचा, श्वास रोखायचा आणि चाप ओढायचा. शेजारच्या काकू तर मला कायम विचारायच्या, "पडून पडून कसला गो हा खेळ?" त्यांचं चूक नव्हतं. मी पन्नास मीटरच्या रायफलीच्या ज्या प्रकारात होते, त्यात पालथं पडूनच साठ गोळ्या मारायच्या असतात. दहा गुणांचा ठिपका शर्टाच्या बटणाएवढा. गोळी तिथवर पोचेपर्यंत वाटेत वारा असतो, आणि रत्नागिरीत वारा नव्हता असा दिवस मला आठवत नाही.

आमच्या क्लबने एका बंद चिरेखाणीत रीतसर परवानगी काढून रेंज केली होती. तिन्ही बाजूंना तांबड्या दगडाच्या उभ्या भिंती, त्यामुळे गोळ्यांची भीती नाही. पण वारा त्या भिंतींवर आपटून कुठूनही फिरायचा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई, दुपारी बरोबर उलटा. मधे लावलेल्या रिबिनी बघून अंदाज बांधायचा आणि नेम धरायच्या साइटचा स्क्रू एखादी खूण इकडे, एखादी तिकडे फिरवायचा. पावसाळ्यात खाणीचं तळं व्हायचं. मग मी घरातच जमिनीवर पडून रिकामी रायफल भिंतीवर रोखून बसायचे आणि आई कुरकुरत माझे पाय ओलांडून स्वयंपाकघरात ये-जा करायची.

खर्चाचं सांगायलाच हवं. रायफल जर्मन, गोळ्याही परदेशी. त्यातही नखरे असे की प्रत्येक नळीला एखाद्याच खेपेच्या गोळ्या मानवतात; बाकीच्या, कितीही महाग असल्या तरी, विखुरतात. म्हणजे आधी निरनिराळ्या गोळ्या नुसत्या झाडून बघायच्या आणि मानवणारी खेप सापडली की वर्षाची बेगमी करून ठेवायची. जॅकेट, बूट, हातमोजा यांचं तर बोलूच नये. बाबा आयुष्यभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये राबून घरी आलेले. त्यांनी खालची आंब्याची बाग विकली. त्यातलं प्रत्येक कलम त्यांनी स्वतः बांधलेलं होतं. मला विचारलंसुद्धा नाही. एक दिवस रायफलीचे पैसे भरून आले आणि म्हणाले, "हापूस काय, बाजारात मिळतो."

दिल्लीच्या निवड चाचणीत ठरलेले गुण मिळाले असते, तर पुढच्या गोळ्या, प्रशिक्षण, प्रवास, सगळं सरकारी खर्चाने झालं असतं. नाही मिळाले तर आमच्याकडे विकायला फक्त वरचा तुकडा उरला होता, आणि त्यात आमचं घर होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग भरत होते, म्हणून बाबांनी रायफल पुसायला घेतली. हात इंजिनवाल्याचा, मी निर्धास्त. आमच्याकडे बागेतली माकडं हाकायला एक जुनी ठासणीची बंदूक होती. खाऱ्या हवेत विळीसुद्धा आठवड्यात गंजते, पण त्या बंदुकीवर कधी डाग पडला नाही, कारण बाबा तिला घाण्यावरचं खोबरेल लावायचे. माझी परदेशी तेलाची बाटली तळाला गेली होती. ती दिल्लीला पुरावी म्हणून त्यांनी गोळी आत सारणारा बोल्ट उघडला आणि आतल्या स्प्रिंगला, गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या पिनेला, निगुतीने खोबरेलच चोपडलं. मला याचा पत्ता नव्हता. मी नुसती नळीत डोकावले. ती लख्ख होती.

दिल्लीत आदल्या दुपारी छान उन्हात सराव झाला. चाचणी मात्र सकाळी, धुक्यात. थंडीने बोटं परक्याची वाटत होती. पहिल्या गोळ्या वर गेल्या, मग खाली, मग पुन्हा वर. वारा गोळीला बाजूला ढकलतो, वर-खाली इतकं नाचवत नाही, हे मला कळत होतं. तरी हात साइटकडेच जात होता, कारण इतकी वर्षं मी भांडले होते ती वाऱ्याशीच. मग चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं. गोळी उडालीच नाही. पंच आले, गोळी बदलली, थोड्या वेळाने पुन्हा 'टक्'. शेवटी गुण असे पडले की फलकाकडे बघायचीही गरज नव्हती.

मागच्या खोलीत जाऊन मी बोल्ट उघडला. स्प्रिंगच्या वेढ्यांत पांढरं काहीतरी साचलं होतं. बोटावर घेतलं, तर आईच्या वेणीचा वास आला. आमच्याकडे खोबरेल फार तर जरा दाटतं. असं मेणासारखं थिजलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पिन त्या चिखलातून कधी जोरात जात होती, कधी रखडत. मी तिथेच बसले आणि रडले. दुःखाने नाही, संतापाने.

परतीच्या गाडीत बाबांना काय काय सुनवायचं ते जुळवत आले. तुमची इंजिनरूम, तुमची ती माकडांची बंदूक, सगळं काढणार होते. रत्नागिरीच्या फलाटावर ते उभेच होते. त्यांनी माझ्या बॅगेआधी रायफलीची पेटी हातात घेतली.

"रायफल नीट चालली ना गो?"

इतक्या धास्तीने त्यांनी मला कधीच काही विचारलं नव्हतं.

"चालली," मी म्हटलं. "वारा होता."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "वाऱ्याचं काय, तो शिकता येतो."

पुढच्याच आठवड्यात आमच्या अंगणात एक माणूस फीत घेऊन वरचा तुकडा मोजत होता आणि बाबा फितीचं दुसरं टोक धरून उभे होते. आई आतून बाहेर आली नाही. खरं सांगावं, असं क्षणभर वाटलं. पण मी या माणसाला ओळखते. खरं कळलं असतं तर भरपाई म्हणून त्यांनी घर त्याच दिवशी विकून टाकलं असतं. मग एकच वाट उरली.

"बाबा, राहू द्या. मला नाही खेळायचं. कंटाळा आलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घेतली नाही. तेवढं तरी रायफलीने शिकवलं होतं. त्यांनी टोक सोडलं, त्या माणसाला चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन पायरीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी सांगायचंस गो बाय. कलमं तरी ठेवली असती."