दुपटीनं विणलेला

थर्झा क्रोवेलला कुणी शिकवायला गेलं की तिचं डोकंच फिरायचं. नोव्हा स्कोशियाच्या अख्ख्या किनाऱ्यावर आपल्यासारखे हातमोजे कुणी विणत नाही, असं तिचं ठाम मत होतं. मासेमारांचे हातमोजे विणायचे दुपटीनं मोठे. मग उकळत्या पाण्यातून काढले की लोकर आटते आणि वारा म्हणून आत शिरत नाही.

तिची धाकटी बहीण वर्ना. कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढला आणि तेव्हापासून बाईनं उंबरा ओलांडला नव्हता. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण होतं, याच आजाराच्या औषधांवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी. दरवर्षी बीन्स वर्नाच्याच असायच्या. यंदा ती म्हणाली, "करून देते, तू घेऊन जा. सगळे माझ्या छातीकडेच बघतील." थर्झानं ओळखलं, आत्ता नाही आली, तर ही कायमची घरात कोंडून घेणार!

वर्नासाठी म्हणून त्या संस्थेनं थर्झाला सुती धागा आणि नमुना पाठवला होता. ब्राच्या आत ठेवायचा, विणलेला मऊ स्तन. थर्झानं नाक मुरडलं. "एवढासा? धुतल्यावर लिंबाएवढा होईल!" तिनं दुपटीनं विणला. उकळला. पुन्हा उकळला. सूत कसलं आटतंय! शनिवारी दुपारी ती कोबीच्या गड्ड्याएवढा ऐवज घेऊन वर्नाच्या स्वयंपाकघरात उभी राहिली.

वर्नानं तो छातीला लावून आरशात पाहिलं. "अगं बाई! माझ्याआधी हाच हॉलमध्ये पोचेल!" आणि ती हसत सुटली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

"हस मेले, हस! इथं माझी बोटं मोडली."

"आणि माझा उरलेला बघ की. हाच उकळून काढल्यासारखा दिसतोय!"

डोळे पुसत वर्नानं कोट चढवला, एक बाजू सपाट ती सपाटच. बीन्सचं भांडं उचलायला फडकं सापडेना, तेव्हा तिनं त्या गड्ड्यानंच एक कान धरला. दुसरा कान थर्झानं कोटाच्या बाहीनं धरला आणि दोघी निघाल्या.

हॉलमध्ये लोकांनी बघितलं, बघितलंच. वर्नानं भांडं टेबलावर ठेवलं आणि गड्डा उंच धरला. "माझ्या बहिणीनं विणलाय. माप जरा चुकलं." सगळा हॉल खो खो हसला. थर्झाला आनंदही झाला आणि मेल्याहून मेल्यासारखंही. ती तणतणत मागे भांडी घासायला गेली.

पोस्टातली ऑलिव्ह तिच्याशेजारी येऊन ताटल्या पुसू लागली. उभ्या जन्मात कुणाशी धड न बोललेली बाई ती.

"ते तुझं विणकाम..."

"हं, तूही हसून घे."

"नाही गं." ऑलिव्हनं दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "सहा वर्षं मी तिथं पायमोजा कोंबतेय. कुणाला सांगितलं नाही. मला एक विणून देशील?"